झाडाची रात्र

माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं. मामांच्या मळ्यात शेवंती असायची, पिवळी आणि पांढरी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोचायचो तेव्हा वाफे कळ्यांनी गच्च भरलेले असत. पण विहिरीजवळ मोटारीची खोली होती आणि तिच्या भिंतीवर शंभराचा बल्ब रात्रभर जळायचा. त्या बल्बच्या उजेडात येणारी शेवंतीची एक ओळ मात्र नुसती हिरवीगार. पानं मोठी, दांडे उंच, कळी एकही नाही. पाणी तेच, शेणखत तेच, रोपंही एकाच वाफ्यातली. मी आजीला विचारलं तेव्हा ती खुरपं खाली न ठेवताच म्हणाली, "दिवा निजू देत नाही तिला. निजल्याबिगर फूल कसं धरंल?"

मला ते गोष्टीतल्या वाक्यासारखं वाटलं. आजी गाईलाही दमली म्हणायची, विहिरीलाही रुसली म्हणायची. त्यातलंच एक.

पुढे बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं. एका दुपारी बाईंनी मेरीलँड मॅमथ नावाच्या तंबाखूची हकिगत सांगितली. हा तंबाखू उन्हाळाभर माणसापेक्षा उंच वाढे, पण शेतात फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवला की फुले. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी भर उन्हाळ्यात ती झाडं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवली आणि झाडं फुलली. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दिवस लहान झाला की फुलणारी ती लघुदिवसी झाडं. शेवंती त्यांतलीच.

नंतर 1938 साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले. झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते, हे त्यांतून पुढे आलं. लांबलचक रात्रीच्या मध्यात थोडा वेळ दिवा लावला, की त्या झाडाच्या लेखी ती रात्रच मोडते. बाई फळ्यावर रात्रीची काळी पट्टी काढत होत्या आणि मधोमध खडूची एक पांढरी रेघ. मला ती रेघ दिसलीच नाही. मला मोटारीच्या खोलीवरचा बल्ब दिसला. आजी तेव्हा नव्हती. तिला सांगायचं राहून गेलं, ते आजही लागतं.

रात्र मोडणारा प्रकाश कोणत्या रंगाचा, याचा उलगडा 1952 साली झाला. बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने दोन प्रकाश टाकले. सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला की बी रुजे. त्यावर लगेच 730 नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिगडद लाल टाकला की रुजणं थांबे. कितीही वेळा आलटूनपालटून टाका, शेवटचा रंग जो, त्याचंच बी ऐकणार. फुलण्याच्या बाबतीतही तसंच दिसलं: लाल प्रकाश रात्र मोडतो, अतिगडद लाल ती पुन्हा जोडतो. झाडात हे दोन रंग टिपणारं जे रंगद्रव्य आहे, त्याला पुढे फायटोक्रोम नाव मिळालं. म्हणजे रात्रीच्या अंधारात पडलेला लाल उजेडही पानं वाचतात.

संसार पुण्यात, चौथ्या मजल्यावर. लेकीने एका वर्षी लाल फुलांचा कलांचो आणला. मूळचा मादागास्करचा, आपल्या पानफुटीच्या कुळातला. जाडसर पानं, वर फुलांचा झुबका. फुलं सुकली आणि पुढची दोन वर्षं एकही कळी आली नाही. मी खत बदललं, माती बदलली. उजेड कमी पडत असेल म्हणून निळ्या-लाल एलईडींचा जांभळा दिवा आणला आणि रात्री अकरापर्यंत लावून ठेवला. झाड बांधेसूद झालं, पानं रसरशीत झाली. निळ्या प्रकाशाने झाड आटोपशीर राहतं, लाल प्रकाशावर अन्न भरपूर तयार होतं. दोन्ही कामं त्या दिव्याने चोख केली. कळी मात्र नाही.

त्याच सुमारास मावळातल्या एका पॉलिहाऊसमध्ये जाणं झालं. आत शेवंतीच्या रांगा, वर दोरीला लाल एलईडी बल्ब ओळीने टांगलेले. मी विचारलं, तर शेतकरी दादा म्हणाले, "ताई, आधी झाड वाढवायचं, मग फुलावर आणायचं. रोप लहान आहे तोवर मध्यरात्री लाईट देतो, म्हणजे ते फुलत नाही. दांडा हवा तेवढा झाला की लाईट बंद, संध्याकाळीच काळा कागद ओढायचा." पूर्वी ते पिवळे बल्ब लावत, आता थोड्या विजेत लाल बल्बवर काम भागतं. आजीच्या मळ्यात जे नकळत घडलं, ते इथे हिशोबाने चाललं होतं.

कलांचोही शेवंतीसारखाच लघुदिवसी, म्हणून घरी आल्यावर जांभळा दिवा संध्याकाळी सहाला बंद करू लागले. तरीही महिना गेला, कळी नाही. मग एका रात्री पाणी प्यायला उठले. दिवाणखाना अंधारात होता, आणि त्या अंधारात कलांचोची पानं तांबूस दिसत होती. कुंडीपासून वीतभर अंतरावर सासूबाईंचं देवघर, आणि त्यात रात्रभर तेवणारा लाल झिरोचा दिवा. माझ्या डोळ्यांना तो मंद, शांत, झोपेचा रंग होता. झाडाला मात्र तो रात्रभर जाग असल्याचं सांगत होता. मी तिथेच बराच वेळ उभी राहिले. आजीचं वाक्य शब्दन् शब्द खरं होतं.

देवाचा दिवा हलवायचा प्रश्नच नव्हता. कुंडी हलवली. लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून तिच्या खोलीत संध्याकाळनंतर दिवा लागत नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, रात्री जाड पडदा. पुण्यात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, हिवाळ्यातला सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे थंडीत कलांचोला हवी तेवढी लांब रात्र निसर्गच देतो. आपण फक्त ती मोडायची नाही. दसऱ्याला कुंडी त्या खोलीत गेली. डिसेंबरच्या सुरुवातीला पानांच्या बेचक्यांत मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले. संक्रांतीला लाल झुबके पूर्ण उमलले आणि सासूबाईंनी त्यांतलाच एक तुरा देवाला वाहिला.

तुमच्या घरातला कलांचो किंवा शेवंती फुलत नसेल, तर खताची पिशवी उघडण्याआधी एकदा मध्यरात्री उठून त्या झाडाजवळ उभे राहा. टीव्हीचा लाल ठिपका नाही, पण झिरोचा दिवा, रस्त्यावरचा खांब, जिन्यातला बल्ब, यांतलं काय त्याच्या पानांवर पडतंय ते बघा. दिवसाचं ऊन आपण सगळेच झाडाला देतो. त्याची रात्रही त्याला द्या.