आबांचा पाऊस आणि दोन मोडेम

मुलांनो, ‘नेट नाही’ हे दोन शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता? पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि बिघाड नेमका कुठे आहे ते काही कळत नाही. जुना मोडेम मात्र बोलका गडी होता. काय दुखतंय ते तो चक्क लिहून सांगायचा. मी पाचोडला प्राथमिक शाळेत शिकवतो. डी.एड.ला हा विषय नव्हता, तो मला आबांमुळे शिकावा लागला.

आबा आमच्या गल्लीतले, मोसंबीची बाग असलेले. १९९६ ते २००४ अशी नऊ वर्षं त्यांनी शेतात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजला. वह्या वाळवीनं खाल्ल्या. आकडे उरले ते फक्त एका जुन्या संगणकात. हा संगणक त्यांनी लिलावात घेतलेला, एससीओ युनिक्सवर चालणारा. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला, यूएसबी तर नव्हतंच, आणि हार्ड डिस्कही आता कुरकुरायला लागली होती. आकडे बाहेर काढायला वाट एकच, मागच्या सीरियल पोर्टला लावलेला मोडेम.

मोडेम म्हणजे दुभाषा. संगणकाचे ० आणि १ तो टेलिफोनच्या तारेतून जातील अशा सुरांत बदलतो, पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा ० आणि १ करतो. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत एनसीएसटी ही संस्था आणि पवईचं आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली, ती अशाच डायल-अप जोडणीवर. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाही घरोघरी मोडेमच किंचाळायचे. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्रं नसत, नुसती अक्षरं!

माझी आठवीतली भाची एका बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या माळ्यावरून दुसरा मोडेम घेऊन आली. तो आम्ही माझ्या लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही मोडेममध्ये टेलिफोनची एकच वायर लावली. मध्ये एक्स्चेंज नाही, काही नाही. (संगणकाला थेट संगणक जोडणारी केबलही असते, पण ती आम्हाला कुठे मिळाली नाही.)

युनिक्समध्ये मोडेमशी बोलायला ‘सीयू’ नावाचा प्रोग्राम असतो. त्यात ‘एटी’ टाइप करायचं, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’. मोडेमनं ‘ओके’ म्हणायला हवं. आमचा ढिम्म!

“मामा, हा मेलाय,” भाची म्हणाली.

म्हटलं, थांब, आधी दिवे बघ. मोडेमच्या तोंडावर लाल दिव्यांची रांग असते. ‘एमआर’ लागला म्हणजे मोडेम तयार आहे. संगणकाकडून अक्षर आलं की ‘एसडी’ लुकलुकतो, मोडेमनं उत्तर दिलं की ‘आरडी’. आमचा एमआर चालू होता, पण एसडी लुकलुकत नव्हता. म्हणजे अक्षरं संगणकातूनच निघत नव्हती. मोडेम बिचारा निर्दोष!

खोक्यातलं जाडजूड माहितीपुस्तक उघडलं. एससीओ युनिक्समध्ये एकाच पोर्टला दोन नावं असतात. ‘टीटीवाय१ए’च, पण शेवटचा ए एकात छोटा, एकात मोठा. मोठ्या ए-चं दार पलीकडच्या मोडेमचा सूर लागल्याशिवाय उघडत नाही. छोट्याचं लगेच उघडतं. जुन्या नोंदीत मोठा ए होता. तो बदलला आणि आलं, ‘ओके’!

आता लॅपटॉपवरून फोन लावला. उत्तर आलं, ‘नो डायलटोन’. खरंच की! एक्स्चेंज नाही तर टोन देणार कोण? त्यालाही तोड आहे. ‘एटीएक्स३डी’ म्हटलं की मोडेम टोनची वाट न बघता सूर लावतो. इकडे घंटीही वाजणार नव्हती, म्हणून आबांच्या संगणकावर भाचीनं ‘एटीए’ टाइप केलं, म्हणजे ‘फोन उचल’. मग ती प्रसिद्ध किंचाळी, खरखर, आणि ‘कनेक्ट ९६००’. भाचीनं कान झाकले होते, आबा मात्र गाणं ऐकावं तसे ऐकत होते.

फाइल पाठवली. पण नऊ वर्षांचे दिवस किती? ९ गुणिले ३६५, अधिक तीन लीप वर्षांचे तीन दिवस, म्हणजे ३२८८. लॅपटॉपवर आल्या होत्या ३२७१ ओळी. ‘थांब, दमानं घे’ हा इशारा कुठेतरी पोचत नव्हता आणि वेगात अक्षरं सांडत होती. मग वेगच २४०० बिटांवर आणला. एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. ओळीत १६ अक्षरं, तर एकूण वेळ किती? करा बरं हिशोब. आम्हाला चार मिनिटांहून थोडा कमी लागला.

पुन्हा ओळी मोजल्या. आबांकडे ३२८८, लॅपटॉपवर ३२८८.

“आता दोन हजार तीनचा जून काढ,” आबा म्हणाले. “त्या साली बाग टँकरनं जगवली होती. पडला तरी किती होता, बघू दे मला.”