वर्षाची कमाई

आमची धाकटी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कथालेखन शिकायला गेली, तेव्हा मी तोंडाने आशीर्वाद दिला आणि मनात म्हटले, गोष्टी लिहायला कोणी शिकवते होय? पहिले वर्ष संपवून ती मे महिन्यात घरी आली. चहा घेता घेता मी विचारले, "काय मिळवलेस वर्षभरात?"

"दोन कथा, बाबा. तिसरी टाकून दिली."

एवढ्यासाठी सातासमुद्रापार!

मग तिने तिथली रीत सांगितली. कथा आधी सर्वांना वाचायला द्यायची; वर्गात चर्चा सुरू झाली की लेखकाने तोंड मिटून ऐकायचे. हा वर्ग १९३६ पासूनचा. फ्लॅनरी ओकॉनर १९४७ साली सहा कथांचा प्रबंध देऊन इथूनच पदवी घेऊन गेली. तिथे सुरू केलेली तिची कादंबरी छापून यायला मात्र १९५२ उजाडले. म्हणजे हिच्या दोन कथा काही अगदीच कमी नव्हेत.

"टाकलीस ती कशावर होती?"

"तुमच्यावर. सगळे म्हणाले, या बापाला तू बोलूच दिलेले नाहीस."

मी कप खाली ठेवला. पुष्कळ वेळाने म्हटले, "बस. काय विचारायचे ते विचार."