टपालानं येणारं मानसशास्त्र

ऐंशीच्या दशकात आमच्या निमगाव केतकी गावात माझ्या नावानं परदेशी पाकीट आलं, की पोस्टमन ते आधी पारावर दाखवायचा आणि मगच घरी आणून द्यायचा. ‘पोरगं अमेरिकेला निघालं वाटतं,’ ही बातमी तोवर पानमळ्यांपर्यंत पोचलेली असे. पाकिटातून निघायची शोधनिबंधाची छापील प्रत. मी पुणे विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होतो. हवा तो अंक ग्रंथालयात नसला की थेट लेखकालाच कार्ड टाकायचं. अनोळखी पोरालाही बरेच जण प्रत पाठवत.

कार्ड कुणाला टाकायचं, हे मात्र विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात ठरे. 1927 पासून निघणाऱ्या ‘सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’च्या जाडजूड खंडांत जगभरच्या निबंधांचे सारांश बारीक टायपात असत. सूचीत क्रमांक शोधायचा, दुसरा खंड उपसायचा, सारांश वहीत उतरवायचा. दुपारभरात चार-पाच नोंदी हाती लागल्या तरी खूप झालं. एन. एन. सेनगुप्तांनी विसाच्या दशकात कलकत्त्यात सुरू केलेल्या ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’चं नाव दिसलं, की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटे.

‘ॲबस्ट्रॅक्ट्स’ची छपाई 2006 सालीच थांबली. आता माझी भाची निमगावातच ओट्यावर बसून मोबाइलवर निबंध उघडते आणि विचारते, “मामा, हे जर्नल खरं का बोगस?” आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तुटपुंज्या पैशात कोणती नियतकालिकं घ्यायची, ही निवड आमच्यासाठी आधीच झालेली असे. पुढे पैसे घेऊन काहीही छापणारे इतके बोकाळले की 2018 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) आपल्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून 4305 नावं वगळली. त्या यादीची झाडाझडती घेणाऱ्यांत पुणे विद्यापीठाचे संशोधक होते.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. नामांकित नियतकालिकांतले 100 मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल 2015 साली ‘सायन्स’मध्ये आला. एकतृतीयांशाहून थोडे अधिकच टिकले. प्रयोग फसला की तो कपाटात जायचा आणि जमलेलाच छापून यायचा, ही रीत आमच्याही काळातली. आता काही नियतकालिकं निष्कर्ष हाती येण्याआधी, नुसती पद्धत तपासूनच निबंध स्वीकारतात. भाचीच्या मोबाइलचं मला फारसं अप्रूप नाही. हेवा वाटतो तो या सोयीचा.