क्षणाचा विलंब

हाताने बटण दाबावे आणि पडद्यावरच्या गड्याने किंचित रेंगाळून उडी मारावी. व्हिडिओ गेमच्या सामन्यात एवढ्याशा क्षणावर आमचे चिरंजीव हरतात. नव्या पडद्यासाठी यवतमाळच्या दत्त चौकात गेलो, तेव्हा दुकानदाराने खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ या आकड्यावर बोट ठेवले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हा ठिपक्याने रंग बदलण्याचा वेळ. बटणापासून चित्रापर्यंतचा ‘इनपुट लॅग’ निराळा!”

सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते; १२० दाखवणाऱ्यावर ८.३. त्यातून टीव्ही प्रत्येक चित्राला नटवीत बसतो, तो वेळ वेगळाच. ‘गेम मोड’ लावला की हा नट्टापट्टा बहुतांशी थांबतो. तेव्हा आधी घरच्या टीव्हीवर तो लावून पाहावा; पैसे मग मोजावेत.

२०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धांत या खेळांनाही पदके होती, म्हणजे हा निव्वळ पोरखेळ नव्हे. वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तराला होणारा विलंब मला गोड वाटतो. कोणीतरी विचार करीत असते. यंत्राने मात्र मध्येच वेळ खाऊ नये. हरायचेच तर पोराने स्वतःच्या हाताने हरावे!