सायकलीच्या खटक्याविषयीं

गीअरच्या सायकली आज तुमच्यापैकीं पुष्कळांजवळ आहेत. परंतु मागील चाकाच्या हबमध्येंच तिन्ही वेग दडविलेली जुनी सायकल थोड्यांनींच पाहिली असेल. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं स्टर्मी-आर्चर कंपनी असे हब विसाव्या शतकाच्या आरंभापासून तयार करीत असे. आठवींतील एका मुलास आजोबांची अशी सायकल मिळाली आहे. हबवर ५४ हा आंकडा उठविलेला आहे, म्हणजे तो १९५४ सालचा. मधला वेग साधा. पहिला त्याहून एक चतुर्थांशानें कमी, तो चढासाठीं. तिसरा एक तृतीयांशानें अधिक, तो सपाटीसाठीं.

हा मुलगा खिंडीपलीकडील गांवाहून येतो. पावसाळा सरल्यावर चढावर पहिला वेग टिकेना. खटका ओढावा, चार हात जावें, कीं सायकल आपण होऊन दुसऱ्यांत यावी. पुढें तर दुसऱ्या वेगांत उभा राहून जोर करीत असतां पायडलें एकाएकीं पोकळ फिरलीं व तो दांडीवर आदळला. देवाच्या कृपेनें हनुवटी फुटण्यावरच निभावलें. वडिलांनीं सायकल भंगारांत घालण्याचें ठरविलें. त्या वाटेनें सकाळची एस्. टी. नाहीं, तेव्हां सायकल गेली तर शाळाहि जाणार, हें मुलगा जाणून होता.

सर्वांचा आरोप खटक्यावर. बोट ज्याला लागतें त्यालाच आपण दोष देतों! वास्तविक खटक्याचें काम एवढेंच, कीं तार ठराविक अंतर ओढून धरावी. म्हणून मीं मुलांकडून ती हबपासून सोडविली. एकानें ती हातानें ताणून धरली व दुसऱ्यानें खटका एकेका खांचेंत बसविला. तो कोठेंहि निसटला नाहीं.

मग तार जोडून खटका दुसऱ्या वेगावर ठेविला. हबच्या उजव्या नटास एक खिडकी असते. तींतून पाहतां, सांखळी ज्या बारीक कांबीस जोडलेली असते तिचें टोंक आंसाच्या टोंकाशीं समपातळींत दिसलें पाहिजे. येथें तें आंत बुडालें होतें. अर्थात् तार ढिली. ह्या हबांत दुसरा व तिसरा वेग ह्यांच्यामध्यें एक पोकळ जागा आहे. तार ढिली असली कीं कांब तेथें सरकते आणि पायडलें मोकळीं फिरतात. पहिला वेग सुटण्याचें कारणहि तेंच.

मुलांनीं लागलीच हबजवळील पेंच फिरवून तार ताणली. सायकल दोन दिवस उत्तम चालली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच! तेव्हां तीं तारेवरून बोट फिरवीत खटक्याकडून मागें निघालीं. वरच्या दांडीवर तारेची नळी अडवून धरणारा एक लहानसा पट्टा असतो. त्याच्या पुढें बोटभर रंग घासून निघाला होता. पट्टा सैल होऊन प्रत्येक ओढीसरशीं मागें सरकत होता, आणि तितकी तार ढिली पडत होती. पट्टा पूर्वस्थानीं आणून त्याखालीं जुन्या ट्यूबची पट्टी घातली, स्क्रू आवळला व खिडकींतून पाहून तार पुन्हां बेताची केली. खर्च कांहींच नाहीं. सायकल आतां खिंड चढते.

हबला तेलासाठीं झांकणाचें भोंक असतें. त्यांत महिन्यांतून पातळ यंत्रतेलाचे चार-पांच थेंब पुरतात. मुलाच्या वडिलांनीं घरचें गोडें तेल घालण्याचें काढलें होतें. तें आंत गोंदासारखें चिकटतें, म्हणून तेवढें थांबविलें.