पुराच्या पाण्यावर एक रात्र

दिवाळी अंकात प्रवासवर्णन आले की ते काश्मीरमधल्या हाउसबोटीचे नाही तर केरळातल्या खाडीचे असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. मीही एक रात्र नावेवर राहिलो आहे. पण त्या नावेला गादी नव्हती, छप्पर नव्हते, आणि ती ना दल सरोवरात होती ना आलप्पुळ्याला. ती होती आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाबाहेर, उसाच्या फडावर. उसाच्या फडाजवळ नव्हे, फडावर. खाली आठ-नऊ फूट ऊस बुडालेला आणि वर आम्ही. त्या नावेवर मी राहिलो तो मोबाइलची रेंज मिळावी म्हणून, हे सांगितले तर हसू येईल. त्या रात्री मात्र कोणी हसत नव्हते.

ही गोष्ट ऑगस्ट 2019 मधली. कोल्हापूरचा माणूस पाऊस इंचांत मोजत नाही, फुटांत मोजतो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती एकत्र येतात आणि पंचगंगा होते. राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका, हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी नदी 55 फुटांच्याही वर चढली. महामार्ग पाण्याखाली गेला, आणि पेट्रोलला, दुधाला, भाजीला रांगा लागल्या.

हीच पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाडीला पूर नवा नाही. पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा तेथे दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक भक्तीने स्नान करतात. पाणी पाहुण्यासारखे आले तर त्याची पूजा करायची, ही कृष्णाकाठची रीत. पण त्या वर्षी पाहुणा उठायलाच तयार नव्हता. वाडीच्या खाली कृष्णा सपाट मुलखात पसरते, राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात जाते. कोल्हापुरातले पाणी ओसरू लागले तरी शिरोळकडची गावे तशीच तुंबलेली असतात.

तसल्याच एका गावात माझी मावशी राहते. तेव्हा तिचे वय अठ्ठ्याहत्तर. घर जुने, खाली सोपा आणि वर लाकडी कठड्याची माडी. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा अण्णा, जर्मनीत. रोज रात्री साडेनऊला, म्हणजे त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की, तो आईला फोन करी. पूर चढल्यावर तो फोन लागेना. मग तो मला फोन करू लागला, आधी दिवसातून एकदा, पुढे तीनदा.

"मी तिला निरोप पाठवतो आहे," तो म्हणे, "पण एकच टिक येते रे."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला की त्याच्यापुढे एक खूण उमटते. पलीकडच्या फोनपर्यंत तो पोचला की दुसरी. एक खूण म्हणजे पत्र पेटीत पडले, पण पोस्टमन काही दारी गेला नाही. सहा दिवस अण्णा ती एक खूण पाहत होता. सातव्या दिवशी तो म्हणाला, "तू जाऊन ये. आणि मला खरे काय ते सांग."

महामार्गावरचे पाणी उतरू लागल्यावर मी निघालो. एरवी तास-दीड तासाची वाट. त्या दिवशी शिरोळच्या पलीकडे डांबरी रस्ता जेथे पाण्यात उतरत होता, तेथे पोचायलाच दुपार झाली. काठावर लष्कराच्या रबरी बोटी होत्या, गावकऱ्यांच्या लाकडी नावा होत्या आणि चक्क गुळाच्या काहिलीही होत्या. ज्या काहिलीत पौषात रस उकळतो, तीच पुरात तरंगते. तीत बसून माणसे औषधाला आणि दुधाला जा-ये करतात. मला मात्र एका नाववाल्याने घेतले. वय साठीचे, अंगात प्लॅस्टिकचे खोळकट. सगळे त्याला मामा म्हणत होते, मीही म्हणू लागलो.

"आठ माणसं झाली. बास," तो मागून येणाऱ्यांना म्हणाला. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून अनेकांचा जीव गेला होता. नवव्या माणसाने हुज्जत घातली नाही.

मामाच्या पायाशी दुधाचे एक क्रेट होते. त्यात पंधरा-सोळा मोबाइल, प्रत्येक दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. गावात आठ दिवस वीज नव्हती. मामा सकाळी फोन घेऊन येई, काठावरच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ते भरून घेई आणि संध्याकाळी परत नेई. मी एक-दोन चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर होते, "पुण्यात लेक आहे. तिला कळवणे, आम्ही सगळी शाळेत आहोत, खायला आहे." दुसरीवर, "भावाला सांगणे, म्हशी वाचल्या. कडबा गेला." काहींनी फोनचे कुलूप उघडण्याचे आकडेसुद्धा लिहिले होते. एरवी सख्ख्या भावाला जो आकडा कोणी सांगत नाही, तो नाववाल्याच्या हवाली केला होता.

"पण गावात रेंजच नाही, तर हे कळवायचे कसे?" मी विचारले.

"गावात न्हाईच. पर मधी पाण्यात घावती," मामा म्हणाला. "डोकं खाली घ्या सर, तार!"

मी वाकलो. विजेची तार टोपीला लागेल इतकी खाली आली होती. म्हणजे आम्हीच तेवढे वर आलो होतो.

पाण्यात रेंज मिळण्याचे कारण मला पुढे एका विज्ञानाच्या प्राध्यापकमित्राने समजावून दिले. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, ती संपली की डिझेलचे जनित्र. आणि रस्ताच बुडाला तर डिझेल पोचवणार कोण? गावाजवळचे मनोरे असे एकेक करून मुके झाले होते. पण कर्नाटकाची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर, आणि तिकडच्या उंचवट्यावरचा एखादा मनोरा अजून जिवंत होता. गावात घरांच्या भिंती, पत्रे आणि झाडे आड येतात. मोकळ्या पाण्यावर आड येणारे काहीच नसते. सरकारच्या दूरसंचार नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ, तर कर्नाटक दुसरे. लहरी काही तो नकाशा पाहून थांबत नाहीत. फडावरून जाताना माझा फोन थरथरला आणि पहिला निरोप आला तो कन्नडमधून, कर्नाटकात आपले स्वागत असे सांगणारा. सीमेवरच्या वादावर मी वर्गात पुष्कळ बोललो असेन, पण त्या कन्नड अक्षरांनी झाला तेवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

मावशी माडीच्या कठड्याशी उभी होती. सोप्यात छातीभर पाणी होते. शेजारच्या स्लॅबच्या घरावर चार म्हशी बांधलेल्या. मामाने वल्ह्याने कठडा धरून नाव स्थिर केली.

"आलास? चहा नाही हं," मावशी म्हणाली. "दूध आहे, पण चूल पेटत नाही."

मी तिला चल म्हटले. ती येईना. शेजारची सून बाळंत होऊन बारा दिवस झालेली. ती आणि तिची सासू मावशीच्या माडीवर होत्या. त्यांची माणसे जनावरांपाशी. "त्यांना टाकून मी येऊ?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय अंधार पडत होता, आणि रात्री तारांखालून नाव न्यायला मामा तयार नव्हता.

"निदान अण्णाशी बोल," मी म्हटले. पण माडीवर रेंज नव्हती, आणि तिला अंधारात नावेत उतरवणे शक्य नव्हते. शेवटी मी तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. मावशी फोनपुढे ताठ उभी राहिली आणि शाळेतल्या मुलीसारखी बोलली, "अण्णा, मी बरी आहे. पाणी अंगणापर्यंत आले होते, आता उतरते आहे. तू काळजी करू नकोस. वेळेवर जेवत जा."

मी तिच्याकडे पाहिले. तिने ओठांवर बोट ठेवले. "त्याला खरे सांगितलेस तर तो नोकरी टाकून धावत येईल. येऊन करणार काय? पाणी उपसणार?"

अण्णाने मला खरे सांगायला बजावले होते, आणि मावशीने खोटे न्यायला दिले होते. ते घेऊन मी नावेत बसलो.

मामाने नाव गल्लीच्या तोंडाबाहेर नेली आणि एका बुडत्या आंब्याच्या फांदीला बांधली. रात्रभर तेथेच राहायचे, कारण उतरत्या पाण्यात नाव बांधून निजता येत नाही. तास-दोन तासांनी दोर सैल करावा लागतो. नाही तर पहाटे पाणी खाली आणि नाव फांदीला टांगलेली. मामाने क्रेट मधे ठेवले आणि एकेक फोन सुरू करू लागला. थोडा वेळ काहीच नाही. मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग सगळेच. आठ दिवसांचे तुंबलेले निरोप एकदम आले आणि त्या काळोखात क्रेट काजव्यांच्या झाडासारखे लुकलुकू लागले. मामाला वाचायला वेळ लागे. म्हणून तो चिठ्ठ्या देई आणि मी निरोप लिही. "आई सुखरूप." "आजोबा शाळेत आहेत." "म्हशी वाचल्या, कडबा गेला." इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे, पण माझी वाक्ये इतकी अधीरपणे कोणी वाचली नसतील.

एक गोष्ट तेव्हा कळली. रेंज क्षीण असली की अक्षरे जातात, आवाज रखडतो आणि चित्र तर हलतच नाही. अक्षर वजनाला हलके. पंधरा घरांचे लेखी निरोप तासाभरात गेले. मावशीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज मात्र तसाच अडकून राहिला. फोनवर एक चक्र गरगर फिरत होते. अण्णाला दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पुसले. अखेर लिहिले, "मावशी धडधाकट आहे. मी जवळ आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाकीचे लिहिले नाही.

मध्यरात्र उलटल्यावर पाऊस आला. मामाने खोळकट क्रेटवर टाकले आणि स्वतः भिजत बसला. "माणसं भिजली तर वाळत्यात," तो म्हणाला. दोन वाजून गेल्यावर केव्हा तरी चक्र थांबले. एक टिक. आणि मी पाहत असतानाच, दुसरी.

पहाटे अण्णाचे उत्तर आले, तेही आवाजातच. उजाडताच नाव कठड्याशी नेली आणि फोन मावशीच्या कानाशी धरला. अण्णा म्हणत होता, "आई, तुझा आवाज चारदा ऐकला. मागे म्हैस ओरडते आहे, ती वरून. आणि वल्हे लाकडावर आपटते आहे. आपल्या घरात लाकडी कठडा माडीलाच आहे. पाणी अंगणापर्यंत असते, तर नाव माडीला कशी लागली असती? मी येत नाही, घाबरू नकोस. पण तू त्याच्याबरोबर जा. बाळंतिणीलाही घेऊन जा."

मावशीने पुन्हा एकदा लावायला सांगितले. मग पदराने डोळे पुसून माझ्यावरच रागावली, "तुला वल्हे बाजूला धरायला काय झाले होते?"

दोन खेपांत सगळी काठावर आली. बारा दिवसांचे बाळ धान्य पाखडायच्या सुपात निजून आले. सबंध वाटेत त्याने डोळा उघडला नाही.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, आणि पंचगंगा 56 फुटांवर गेली. त्या खेपेस मावशी आधीच आमच्याकडे कोल्हापुरात आली होती. तिने येताना दोनच वस्तू न विसरता आणल्या. एक देवातला बाळकृष्ण, आणि दुसरी वही, जिच्यात तिने सगळ्यांचे फोन नंबर शाईने लिहून ठेवले आहेत. क्रेटमधल्या फोनधारकांपैकी निम्म्यांना आपल्या माणसांचे नंबर पाठ नव्हते, हे मी तिला सांगितले होते. फोन मेला की त्याच्या पोटातले नंबरही त्याच्याबरोबर जातात. वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवल्यावर एवढी एक वही आपल्याही घरी करून ठेवा.

मामाला मी त्या रात्रीचे पैसे देऊ केले, तेव्हा त्याने माणशी ठरलेले तेवढेच घेतले. "फोनांचं?" मी विचारले.

"निरोपाचं पैसं घेत न्हाईत सर," तो म्हणाला, आणि रिकामे क्रेट घेऊन पुन्हा गावाकडे वल्हवू लागला.