पैठणच्या राजाचा ठसा

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरहून पैठणची एसटी धरली की चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पन्नासेक किलोमीटरवर गोदाकाठ येतो. बहुतेक जण नाथांचं दर्शन घेतात, जायकवाडीचं धरण बघतात आणि परततात. तुम्ही मात्र ‘पालथी नगरी’ही पाहा. दिसायला नुसतं मातीचं टेकाड! पण ही माती सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीची आहे.

या नगरीचं नाव पार ग्रीक व्यापाऱ्यांपर्यंत पोचलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, असं लिहिलंय. तिथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून बंदरावर जात. भडोचच्या बाजारात अपलदत्त आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी तेव्हाही चालत, असंही तो लेखक सांगतो.

ग्रीक अक्षरांची लोकांना सवय झालेली. म्हणून क्षत्रप राजा नहपान यानेही आपल्या चांदीच्या नाण्यावर ती घातली. पुढे चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. रुपयापेक्षा लहान नाणं आणि लिप्या तीन! गंमत म्हणजे अक्षरं ग्रीक, पण शब्द प्राकृत. आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो ना, अगदी तसंच.

पुढे पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. मग त्याची नाणी वितळवायची? छे! त्याच नाण्यांवर त्याने आपला ठसा ठोकला. एकीकडे डोंगरासारखा चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. चांदी तीच, वजन तेच, राजा मात्र नवा. मला तर ही युक्ती फार आवडते. ठशाखालून नहपानाचं नाक किंवा एखादं ग्रीक अक्षर अजून डोकावतं.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडून टाकला, असं त्यात म्हटलंय. नहपान क्षहरातच. पण आई मुलाचं कौतुक करणारच, नाही का? पुरावा मिळाला तो १९०६ साली. नाशिकजवळ जोगळटेंभी गावी तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी नहपानाची, आणि सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा! ती एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हा हिशेब कुणाला लागला असता?

पैठणच्या मातीतही सातवाहनांची शिशाची, तांब्याची नाणी मिळत आली आहेत. तुम्हाला एखादं दिसलंच, तर चिंच लावून घासू नका हं! अक्षरं झिजतात. मोठ्यांना घेऊन तहसील कचेरीत कळवा, आणि नेमकं कुठे सापडलं ते वहीत टिपून ठेवा.